मोटरहोममधला गॅसचा अलार्म रात्री ‘उगाच’ वाजतो तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनं मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेतलंय. दारापाशी, जमिनीलगत बसवलेला गॅसचा अलार्म रात्री दोन-तीनच्या सुमारास ठणाणा करतो. सिलिंडर बंद केला तरी वाजतो. दार-खिडक्या उघडल्या की गप्प होतो, दोनेक तासांनी पुन्हा सुरू. बाहेरची वीज जोडलेली असते त्याच रात्री हे होतं, वीज नसलेल्या ठिकाणी मुक्काम केला तर होत नाही. शेवटी वैतागून तुम्ही त्याची तार कापलीत आणि झोपलात. आता विचारताय की हा अलार्म खराब आहे का, आणि तो काढून टाकून छताला कार्बन मोनॉक्साइडचा (जळण अर्धवट जळलं की सुटणारा विषारी वायू) बॅटरीवरचा एक अलार्म लावला तर भागेल का.

तार कापलीत म्हणून रागावत नाही. पहाटे तीनला ८५ डेसिबलचा भोंगा डोक्याशी वाजायला लागला की भली माणसं पक्कड शोधतात. मात्र तुमचा अलार्म खराब आहे असं मला वाटत नाही. तो बहुधा खरं सांगत होता, फक्त तो काय सांगतोय ते तुम्हाला कळलं नाही. आणि छताला लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याला प्रोपेन, म्हणजे तुमच्या सिलिंडरमधला गॅस, कळतच नाही.

निदान तुमच्याच प्रश्नात आहे. वय झालेला किंवा बिघडलेला अलार्म दार उघडलं म्हणून शहाण्यासारखा गप्प बसत नाही, तो किरकिरतच राहतो. तुमचा हवा खेळली की थांबतो आणि जागा पुन्हा कोंदली की वाजतो, म्हणजे आत काहीतरी साठतंय. सिलिंडर बंद असतानाही साठतंय, म्हणजे ते बहुधा प्रोपेन नाही. आणि फक्त बाहेरची वीज असतानाच साठतंय, म्हणजे बोट चार्जरकडे जातं. चार्जरपासून पुढे बॅटरीकडे. तुमची बॅटरी शिशाची असणार आणि तिचा एक सेल गेलेला असणार, असा माझा अंदाज.

हे कसं होतं ते सांगतो. गॅसच्या अलार्ममध्ये बहुतेक वेळा टिन ऑक्साइडचा एक लहानसा सेन्सर असतो. तो सतत तापवलेला असतो. त्याच्या पृष्ठभागाला हवेतला ऑक्सिजन चिकटून असतो आणि जळू शकणारी कुठलीही वाफ आली की ती हा ऑक्सिजन ओढून घेते, सेन्सरचा विजेला होणारा रोध उतरतो, भोंगा वाजतो. म्हणजे या सेन्सरला ‘प्रोपेन’ ओळखता येत नाही, ‘जळणारं काहीतरी’ एवढंच ओळखता येतं. हेअरस्प्रे, स्पिरिट, सँडल चिकटवायचा गोंद, नव्या प्लायवूडची वाफ, सगळं त्याला सारखंच. एका गाडीमालकाने तर माझ्यासमोर कुत्र्यावर आळ घेतला होता, कारण अलार्म कुत्र्याच्या अंथरुणाच्या बरोबर वर होता. मी हसलो खरा, पण सेन्सरच्या दृष्टीने त्यात अशक्य काही नाही.

शिशाची बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होत राहिली की तिच्यातल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. एक सेल आतून शॉर्ट झाला की उरलेल्या पाचांवर चार्जर सहाचा जोर लावतो. चार्जरला वाटतं बॅटरी अजून भरली नाही, म्हणून तो रात्रभर रेटत राहतो. बॅटरी तापते, फुगते, हायड्रोजन सोडते, आणि कधीकधी हायड्रोजन सल्फाइडही. या दुसऱ्याचा वास सडक्या अंड्यासारखा असतो, आणि प्रोपेनमध्ये मुद्दाम घातलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा वासही पुष्कळांना तसाच वाटतो. त्यामुळे लोक अख्खी गॅसलाइन उस्तरतात आणि दोष निघतो पलंगाखालच्या बॅटरीत. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, आणि हायड्रोजन सल्फाइड तर विषारीच. तेव्हा ज्याला आपण ‘खोटा अलार्म’ म्हणतो तो इथे खोटा मुळीच नसतो.

आता करायचं काय. पुढच्या वेळी वाजला की आधी सगळे बाहेर या, दार उघडंच ठेवा. विजेच्या खांबावरचा बाहेरचा ब्रेकर पाडा, आतली बटणं दाबत बसू नका. हवा चांगली खेळू द्या. मग बॅटरीच्या पेटीजवळ हात न्या. गरम लागतेय, कडा फुगल्यात, झाकणापाशी ओल आहे, यातलं काहीही दिसलं की ती बॅटरी संपली असं समजा. लगेच पाना घेऊन टर्मिनल सोडवायला जाऊ नका. जिथे हायड्रोजन साठलाय तिथे टर्मिनलची ठिणगी नको. थंड होऊ द्या, चष्मा आणि हातमोजे घाला, मग काढा. तशी काही लक्षणं नसतील तर चार्ज तोडून काही तास तशीच ठेवा आणि मल्टिमीटर लावा. निरोगी, भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. आकडा साडेदहाच्या आसपास अडकला असेल तर सेल गेलाय. बॅटरी ठीक निघाली तर चार्जर चालू करून बघा: बॅटरी भरल्यावर तो साधारण १३.२ ते १३.८ वर उतरून थांबायला हवा. तासन्‌तास १५ च्या वर असेल तर दोषी चार्जर. आणि शिशाची, पाणी घालायची बॅटरी राहत्या जागेत असेल तर ती बंद पेटीत, बाहेर वायू जाणाऱ्या नळीसकट असायला हवी. जुन्या गाड्यांत ही नळी कोणीतरी कधीतरी काढून ठेवलेली असते. का, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

हा माझा अंदाज झाला. अंदाजावर झोपू नये, म्हणून गॅसलाइनही तपासून घ्या. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळला की पाण्यासारखा खाली उतरतो, पायरीच्या खळग्यात, पलंगाखालच्या कप्प्यात जाऊन बसतो. म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत असतो, साधारण गुडघ्याच्या खाली. हवेत प्रोपेन २.१ ते ९.५ टक्के असला की ठिणगीला पेटतो, आणि अलार्मने त्या खालच्या मर्यादेच्या पावपटीला पोचण्याआधीच वाजायचं असतं. हिशोब करून बघा: आतली जागा २० घनमीटर धरली तर २.१ टक्के म्हणजे ४२० लिटर वायू. एक लिटर द्रव प्रोपेनचा साधारण २७० लिटर वायू होतो. म्हणजे दीड लिटर द्रव पुरे. तोही सगळीकडे सारखा पसरला तर. प्रत्यक्षात तो खालच्या वीतभर थरात साठतो, म्हणून त्याहून कितीतरी कमी पुरतो.

तपासणीला साबणाचं पाणी चालतं, फक्त अमोनिया किंवा क्लोरीन असलेला साबण नको, पितळी जोड खातो. सिलिंडर उघडा, शेगडी-फ्रीज-गिझर सगळं बंद ठेवा आणि रेग्युलेटरपासून शेवटच्या उपकरणापर्यंत प्रत्येक जोडाला ब्रशने फेस लावत जा. मोठी गळती भसाभस फेस उडवते, ती सगळ्यांना दिसते. लहान गळतीचा बुडबुडा मोहरीएवढा असतो आणि वाढायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. टॉर्च तिरकी धरून थांबावं लागतं. दिसला तर तो जोड स्वतः आवळत बसू नका, सिलिंडर बंद करा आणि गॅसचं काम येणाऱ्या माणसाला बोलवा. तो दाबमापक लावून लाइन दाब धरते का तेही बघेल, जे फेसाने कळत नाही. नाकावर फार भरवसा नको. त्या वासाची नाकाला काही मिनिटांत सवय होते, वयानुसार वास येणं कमी होतं, आणि झोपेत तर नाक जवळजवळ रजेवरच असतं.

आता दुसरा अर्धा प्रश्न, कार्बन मोनॉक्साइड. मला विचाराल तर खरी भीती याची. प्रोपेनला निदान वास घातलेला असतो. याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. हवेपेक्षा तो किंचित हलका, पण इतका किंचित की आतल्या हवेत सगळीकडे सारखा मिसळतो. त्यामुळे त्याचा अलार्म अगदी छतालाच हवा असं नाही. झोपतो तिथे, उशीच्या उंचीला, भिंतीवर असला की उत्तम. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २००हून जास्त पटींनी घट्ट चिकटतो, आणि तिथून लवकर निघत नाही: साध्या हवेत निम्मा उतरायला चार-पाच तास, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हे अलार्म मुद्दाम सावकाश बनवलेले असतात. अमेरिकेतल्या यूएल २०३४ मानकाप्रमाणे ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) त्याने १ ते ४ तासांत वाजायचं असतं, १५० ला १० ते ५० मिनिटांत, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. ३० पीपीएमला तर महिनाभरही वाजायचं नसतं. कारण तो रक्तात किती चढलं असेल याचा हिशोब धरून चालतो. त्यामुळे ‘डोकं दुखायला लागलं तरी अलार्म वाजला नाही’ म्हणजे अलार्म बिघडला असं नाही. आकडा दाखवणारा अलार्म घ्या असं मी सांगतो ते याच कारणाने. भोंगा वाजायच्या आधीच पडद्यावर ४० दिसले तर शोध सुरू करता येतो. गरोदर बाई, तान्हं मूल किंवा हृदयाचा त्रास असलेलं माणूस बरोबर असेल तर त्या आकड्याची किंमत आणखी वाढते.

एक गाडी माझ्याकडे आली होती. तक्रार अशी की स्वयंपाक करताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतो, पण रोज नाही. दोन जणांनी शेगडी बदलायला सांगितलं होतं. मी बर्नर पेटवले, ज्योत निळीशार, एक पिवळी जीभ नाही. तासभर पेटवून ठेवले, काही नाही. मग त्यांना म्हटलं, तुम्ही घरी करता तसंच सगळं करा. त्यांनी जनरेटर चालू केला, थंडी म्हणून खिडक्या बंद केल्या आणि वाफ जावी म्हणून छताचा पंखा लावला. वीस मिनिटांत आकडा चढायला लागला. छताचा पंखा हवा बाहेर फेकत होता, खिडक्या बंद, मग नवी हवा येणार कुठून? सिंकखालच्या कपाटात सांडपाण्याचा पाइप जमिनीतून खाली जातो तिथे बोटभर फट होती. टिश्यू पेपरची एक पट्टी फाडून मी फटीशी धरली, ती आतल्या बाजूला ताठ उडाली. गाडीच्या पोटाखाली फिरणारा जनरेटरचा धूर तिथून सरळ आत ओढला जात होता. ज्या दिवशी खिडकी उघडी, त्या दिवशी अलार्म गप्प. म्हणून ‘रोज नाही’. फट बुजवली, एक्झॉस्टचा पाइप गाडीच्या कडेपलीकडे काढला, आणि पंखा लावायचा तर जनरेटरच्या विरुद्ध बाजूची खिडकी आधी उघडायची एवढं त्यांना सांगितलं. शेगडी अजून तीच आहे.

ही पट्टीची युक्ती तुमच्याही गाडीत करून बघा. सगळं बंद, पंखा चालू, आणि प्रत्येक कपाटात, तारा-पाइप जातात तिथे पट्टी फिरवा. जुन्या गाड्यांत आधीच्या मालकाने सोलरसाठी, टीव्हीसाठी पाडलेली भोकं हमखास सापडतात.

बाकी उगमस्थानं झटकन सांगतो. स्वतःचा जनरेटर बंद असला तरी शेजारच्याचा चालू असतो, आणि त्याचा पाइप तुमच्या खिडकीकडे असू शकतो. गाडी भिंतीला किंवा उंचवट्याला खेटून उभी केली की धूर तिथेच घुटमळतो. हीटरची बाहेरची जाळी बर्फाने किंवा कुंभारीण माशीच्या मातीच्या घराने बुजते, त्यामुळे हंगामातला पहिला जाळ करण्याआधी आत टॉर्च मारून बघायची. गॅसवर चालणाऱ्या फ्रीजच्या बर्नरवर काजळी धरते, वर्षातून एकदा ती साफ करायची. शेगडी खोली गरम करायला वापरायची नाही, कितीही गारठा असो. आणि कोळशाची शेगडी, ‘आता विझलीच आहे’ म्हणून आत किंवा गाडीला जोडलेल्या तंबूत आणायची नाही. राखेखालचा कोळसा तासन्‌तास कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, आणि धूर दिसत नसल्यामुळेच घात होतो.

लक्षणं: डोकं जड, मळमळ, भोवळ, हातापायांत त्राण नाही. फ्लूसारखं वाटतं, पण ताप नसतो. दोन खुणा लक्षात ठेवा. एक, गाडीतल्या सगळ्यांनाच एकदम होतं, कुत्र्या-मांजरालाही. दोन, बाहेर गेलं की उतरतं, आत आलं की चढतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही, तो बेशुद्ध माणसालाही ९८ दाखवू शकतो. कोणाला यातलं काही होत असेल तर सगळ्यांना बाहेर काढा, रुग्णवाहिका बोलवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे हे तोंडाने सांगा. न सांगितल्यास पित्त किंवा थकवा समजून परत पाठवलं जातं. आणि खिडकी उघडून ‘आता बरं वाटतंय’ म्हणत परत आत जाऊन झोपायचं नाही.

विकत काय घ्यायचं. दोन्ही एकत्र असलेले अलार्म मिळतात आणि ते वाईट नाहीत. प्रोपेनसाठी ते खाली लावावे लागतात, कार्बन मोनॉक्साइड सगळीकडे मिसळत असल्यामुळे तिथेही काम होतं. तरी मी वेगवेगळे लावतो. एकत्र युनिट गाडीच्या १२ व्होल्टवर चालतं, आणि बॅटरीचा मुख्य स्विच पाडला किंवा बॅटरी बसली की दोन्ही नाकं एकदम बंद. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मला स्वतःची बॅटरी असली की तो निदान जागा राहतो. गॅसच्या अलार्मला मात्र १२ व्होल्टच लागतात, कारण तो सेन्सर तापवायचा असतो. साधारण ०.१ अँपिअर धरा, मॉडेलनुसार कमीजास्त. दिवसाला २.४ अँपिअर-तास झाले. १०० अँपिअर-तासांची बॅटरी उभ्या गाडीत तीन आठवड्यांत निम्मी होते, आणि व्होल्टेज फार उतरलं की हाच अलार्म त्याबद्दलही किरकिरायला लागतो. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर सिलिंडर बंद करून मुख्य स्विच पाडा. राहायला जाताना तो पहिल्यांदा चालू करा.

अलार्म वाहनासाठी चाचणी झालेलाच घ्या. घरासाठीचा धक्के आणि उन्हातल्या बंद गाडीची उष्णता सोसायला बनवलेला नसतो. युरोपात कार्बन मोनॉक्साइडसाठी ईएन ५०२९१-२ आणि गॅससाठी ईएन ५०१९४-२ हे आकडे पाहा, शेवटचा ‘-२’ म्हणजे वाहन आणि बोटी. अमेरिकी मालावर यूएल २०३४ आणि गॅससाठी यूएल १४८४ असतं, शिवाय वाहनात वापरायला योग्य असा वेगळा उल्लेख हवा. मग मागचं लेबल वाचा. आयुष्य ५, ७ किंवा १० वर्षं, मॉडेलप्रमाणे. मुदत संपली की तो थांबून थांबून ‘टिक’ किंवा ‘चिर्प’ करतो, आणि लोक सेल बदलून बदलून दमतात. बहुतेक अलार्मवरचं टेस्टचं बटण दाबलं की भोंगा आणि सर्किट शाबूत आहे एवढंच कळतं. नाक शाबूत आहे का, ते त्याने कळत नाही. म्हणून तारीख उलटलेला अलार्म बटणावर कितीही खणखणीत वाजला तरी काढा. तुमची गाडी जुनी आहे, तेव्हा तुमचाही फिरवून बघाच. तारीख संपली असेल तर बॅटरी बदला आणि अलार्मही बदला. त्याने शेवटची कामगिरी चोख बजावली एवढं म्हणू.

आवाजातला फरकही घरातल्या सगळ्यांना ऐकवून ठेवा: तीन बीप आणि विराम म्हणजे धूर, चार बीप आणि विराम म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. गॅसच्या अलार्मचा सूर कंपनीप्रमाणे वेगळा असतो, तो बटण दाबून ओळखीचा करून घ्या.

कापलेली तार जोडताना नुसती पिळून चिकटपट्टी लावू नका, गाडीच्या हादऱ्याने सुटते. क्रिंप कनेक्टर (पक्कडीने दाबून बसवायचा जोड) वापरा, लाल-काळी उलटसुलट करू नका, आणि तार दिव्याच्या स्विचमधून न घेता फ्यूजमधून थेट घ्या, नाहीतर दिवा मालवला की अलार्मही मालवतो. फ्यूज अलार्मच्या पुस्तिकेत दिलाय तेवढाच. गाडीत सिलिकॉन सीलंटचं काम निघालं तर तेवढे दिवस अलार्म काढून बाहेर ठेवा, त्या वाफेने सेन्सर कायमचा बधिर होऊ शकतो, आणि तेवढे दिवस आत झोपू नका. वीज दिल्यावर सेन्सर तापायला दोन-चार मिनिटं घेतो, तोवर दिवा लुकलुकतो. तो स्थिर हिरवा झाला की नवीन बॅटरी आणि बाहेरची वीज जोडून, दार-खिडक्या लावून, स्वतः बाहेर खुर्ची टाकून संध्याकाळी तीन-चार तास बसा. जागेपणी वाजला नाही तरच त्या रात्री आत झोपा.